बालकांचा मधुमेह : संशोधनाचे ऋण आणि कुटुंबाचा आधार

मधुमेह हा शब्द आता खेड्यापाड्यांतही कोणाला समजावून सांगावा लागत नाही. 'शुगर आहे' एवढे म्हटले की भागते. परंतु ही शुगर म्हणजे पन्नाशीच्या पुढच्या, वजन वाढलेल्या, बसून काम करणाऱ्या माणसाचा आजार, अशी पक्की समजूत आपल्या मनात बसली आहे आणि त्या समजुतीची किंमत लहान मुलांना मोजावी लागते. आठ वर्षांचे मूल एकाएकी तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागते, रात्री अंथरूण ओले करू लागते, पोटभर जेवूनही वाळत जाते, तेव्हा घरातील मोठी माणसे उन्हाळा, जंत, दृष्ट, परीक्षेची भीती अशी दहा कारणे शोधतात. मधुमेहाचे नाव कोणी घेत नाही. कित्येकदा डॉक्टरही घेत नाहीत.

म्हणून या लेखात आम्ही केवळ या एका आजाराचा, म्हणजे टाइप वन मधुमेहाचा, विचार करणार आहोत. त्याबरोबर सभासदांपुढे एक प्रश्नही ठेवायचा आहे. लहानशा संस्थेने आपली तुटपुंजी वर्गणी अशा आजाराच्या संशोधनाला द्यावी, की त्या आजाराने गांजलेल्या कुटुंबाला? आमचे उत्तर ओघाने पुढे येईलच.

प्रथम आजार समजून घेऊ. जठराच्या मागच्या बाजूला स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. त्यात पेशींचे लहान लहान पुंजके विखुरलेले असतात. पाउल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली ते प्रथम पाहिले, म्हणून त्यांना लँगरहॅन्सची बेटे म्हणतात. या बेटांतील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. आपण खाल्लेल्या भाकरीची, भाताची साखर होऊन ती रक्तात येते. रक्तातून ती पेशींत शिरण्यासाठी इन्सुलिन लागते. प्रौढांच्या नेहमीच्या मधुमेहात, म्हणजे टाइप टू प्रकारात, इन्सुलिन असते, परंतु शरीर त्याला नीट दाद देत नाही आणि पुढे ते कमीही पडू लागते. टाइप वनमध्ये मामला निराळा आहे. शरीराचे रक्षण करणारी आपलीच यंत्रणा बीटा पेशींना परके समजून मारून टाकते. इन्सुलिन जवळजवळ संपते. साखर रक्तात साचते, लघवीवाटे वाहून जाते, जाताना पाणी घेऊन जाते. म्हणून ती तहान आणि म्हणून ते ओले अंथरूण. पेशी मात्र भरल्या ताटापुढे उपाशी राहतात. मग शरीर चरबी जाळू लागते, त्यातून आम्ल पदार्थ रक्तात साठतात, मुलाला उलट्या होतात, पोट दुखते, श्वास खोल आणि जलद चालतो, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो. या अवस्थेला कीटोॲसिडोसिस म्हणतात. तेथून पुढे इन्सुलिन आणि सलाईन वेळेवर मिळाले नाही तर थोड्या दिवसांत, कधी काही तासांत, मृत्यू ओढवतो.

हे का घडते? काही अंशी आनुवंशिकता आहे आणि काही अंशी बाहेरचे निमित्त असावे, असे शास्त्रज्ञ मानतात; ते निमित्त नेमके कोणते, याचा शोध चालू आहे. काय नाही, हे मात्र निश्चित सांगता येते. जास्त गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. गरोदरपणी आईने काही खाल्ले वा पाळले नाही म्हणून तो होत नाही. अशा दहा मुलांपैकी सुमारे नऊ मुलांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा आजार नसतो. आपल्याकडे दोष प्रथम सुनेच्या माहेरावर जातो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालील अशी सुमारे २ लाख २९ हजार मुले-मुली आहेत. जगातल्या कोणत्याही देशापेक्षा हा आकडा मोठा आहे. हे अर्थात निदान होऊन जिवंत असलेल्यांचे गणित. निदानापूर्वीच जी गेली त्यांची नोंद तापाने गेले, पोटदुखीने गेले, अशीच राहते.

इन्सुलिनपूर्वीचा काळ कसा होता, हे विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे. १९२० पर्यंत टाइप वनचे निदान म्हणजे मृत्युपत्रच. त्या काळी अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांची उपासमारीची पद्धत प्रसिद्ध होती. मुलाला इतके कमी अन्न द्यायचे की रक्तात साखर वाढायलाच नको. मूल महिने, क्वचित वर्षे, अधिक जगे. पण जगे म्हणजे हाडांचा सापळा होऊन पडून राही. आईवडिलांनी मुलाच्या हातातील भाकरीचा तुकडा काढून घ्यायचा, हाच उपचार. पुढे काही तरी औषध निघेल, तोवर मूल टिकवून धरू, या आशेवर हे चाले. काही घरांची आशा खरी ठरली.

कॅनडातील टोरांटो येथे १९२१ च्या उन्हाळ्यात डॉ. फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी प्राध्यापक मॅकलॉइड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून अर्क काढण्याचे प्रयोग केले. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला तो अर्क टोचण्यात आला. मुलाचे वजन अवघे तीस किलोच्या आसपास होते. वडिलांनी संमती दिली होती. गमावण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. पहिले इंजेक्शन जवळजवळ फसले, टोचलेल्या जागी गळू झाले. जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने रात्रंदिवस खपून अर्क शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शन दिले, तेव्हा साखर उतरली. लिओनार्ड त्यानंतर तेरा वर्षे जगला. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅकलॉइड यांना मिळाले; बँटिंगने आपल्या रकमेतील निम्मा वाटा बेस्टला, तर मॅकलॉइडने कॉलिपला दिला. पेटंटचे हक्क शोधकांनी टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले. औषध सर्वांचे असावे, हा त्यामागचा हेतू होता. तो पुढे कितपत साधला, हे औषधांच्या दुकानात उभ्या असलेल्या बापाला विचारावे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज ही पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची मुलगी टोरांटोला आणण्यात आली. तिचे वजन वीस किलोपर्यंत उतरले होते. तिचे वडील अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. इन्सुलिन त्या वेळी थेंबाथेंबाने निघत होते आणि मागणाऱ्या आईवडिलांची पत्रे ढिगाने येत होती. कोणाला मिळाले आणि कोणाला नाही, हा प्रश्न औषधाच्या जन्माबरोबरच जन्मला, हे लक्षात ठेवावे. एलिझाबेथ १९८१ पर्यंत जगली. तिने लग्न केले, तिला मुले झाली. परंतु आपला आजार तिने आयुष्यभर जगापासून लपवून ठेवला. मंत्र्याच्या मुलीला जे लपवावेसे वाटले, ते आपल्या वस्तीतील मुलीने लपविले तर नवल कसले? या मुद्द्याकडे आपण परत येऊ.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धात एव्हा आणि व्हिक्टर सॅक्सल हे निर्वासित दांपत्य चेकोस्लोव्हाकियातून निघून चीनमधील शांघायला येऊन राहिले होते. तेथे एव्हाला टाइप वन मधुमेह झाला. जपानी सैन्याने शहर ताब्यात घेतल्यावर औषधाची दुकाने बंद झाली आणि इन्सुलिन काळ्या बाजारात सोन्याच्या भावाने जाऊ लागले. व्हिक्टर कापडधंद्यातला माणूस. वैद्यकाचे एक पाठ्यपुस्तक त्यांच्या हाती होते. त्यातील वर्णन वाचून नवरा-बायकोने एका चिनी रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्याच्या प्रयोगशाळेत म्हशींच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढले, सशांवर त्याची ताकद तपासली, एव्हाने ते स्वतः घेतले आणि मग शहरातील शेकडो रुग्णांना पुरविले. संशोधन कोणाचे आणि कुटुंब कोणाचे, अशी रेघ येथे ओढता येत नाही. आमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या शांघायच्या घरात आहे.

उरलेले निम्मे उत्तर पुढील दोन अभ्यासांत मिळते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ते विशेष लक्षपूर्वक वाचावेत.

पहिला अमेरिका व कॅनडातील. इन्सुलिनमुळे मुले जगू लागली, पण वीस-पंचवीस वर्षांनी डोळे, मूत्रपिंडे आणि नसा खराब होऊ लागल्या. साखर काटेकोर ताब्यात ठेवली तर हे टळेल काय? कोणी हो म्हणे, कोणी नाही. १९८३ पासून १,४४१ टाइप वन रुग्णांनी स्वतःला या परीक्षेला वाहून घेतले. निम्म्यांनी रोज एक-दोन इंजेक्शने घेतली. निम्म्यांनी तीन किंवा अधिक घेतली, अथवा पंप वापरला आणि दिवसातून चार वेळा बोटातून रक्त काढून साखर तपासली. १९९३ साली, ठरल्या मुदतीच्या एक वर्ष आधीच, हा अभ्यास थांबवावा लागला, कारण फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता. काटेकोर गटात डोळ्यांचा विकार नव्याने होण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी घटले, नसांचा विकार सुमारे ६० टक्क्यांनी, मूत्रपिंडाचा सुमारे निम्म्याने. याच गटात साखर एकदम खाली जाण्याचे धोकादायक प्रसंग मात्र सुमारे तिप्पट झाले, हेही नमूद केले पाहिजे. या अभ्यासाचा आपल्या दृष्टीने अर्थ असा की बोटाला टोचून ज्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेतात, ती पट्टी ही चैन नव्हे. मूल आज शाळेत जाते म्हणून ते ठीक आहे असे म्हणता येत नाही; पट्ट्यांवाचून ठेवलेल्या मुलाचे डोळे तिशीत जातात.

दुसरा अभ्यास इटलीतील पार्मा या गावचा. त्याला ना मोठी प्रयोगशाळा लागली ना महाग यंत्र. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या लक्षात आले की बहुतेक मुले कीटोॲसिडोसिस होऊनच दवाखान्यात येतात, आणि जवळजवळ प्रत्येक आईबाप सांगतात की अंथरूण ओले करणे आधीच सुरू झाले होते. १९९१ पासून त्यांनी एक साधा फलक छापून शाळांत आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत लावला. मूल फार पाणी पिते काय, फार लघवी करते काय, पुन्हा अंथरूण ओले करू लागले आहे काय, इतकेच त्यावर विचारले होते. १९८७ ते १९९१ या काळात नव्याने निदान होणाऱ्या मुलांपैकी ७८ टक्के मुले कीटोॲसिडोसिस होऊन आली होती. फलक लावल्यानंतरच्या वर्षांत हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर आले. एका फलकाने! हेही संशोधनच, आणि आमच्या मते आपल्यासारख्या संस्थांच्या हातातले संशोधन हेच.

आज प्रयोगशाळांत काय चालले आहे, ते थोडक्यात पाहू. आजार उघड होण्याच्या पुष्कळ आधी रक्तात काही विशिष्ट प्रतिपिंडे दिसू लागतात. ती असलेल्या, रुग्णांच्या ७६ नातेवाइकांवर टेप्लिझुमॅब या औषधाचा प्रयोग झाला, आणि आजार सुमारे दोन वर्षे लांबतो असे २०१९ मध्ये सिद्ध झाले. अमेरिकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये या औषधाला मान्यता दिली. किंमत मात्र सामान्य कुटुंबाच्या स्वप्नातही न बसणारी आहे. मूळ पेशींपासून नवी बेटे तयार करून रुग्णाच्या शरीरात सोडण्याचे प्रयोगही चालू आहेत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पूर्ण मात्रा मिळालेल्या बारा रुग्णांपैकी दहा जणांना वर्षभरानंतर इन्सुलिनची गरज राहिली नव्हती. बारा म्हणजे बाराच, आणि त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू ठेवावी लागतात. हे सांगण्याचे कारण असे की 'स्टेम सेलने मधुमेह मुळासकट बरा' अशा जाहिराती पाहून आईबाप शेत गहाण ठेवतात. आपल्या देशात मान्यताप्राप्त प्रयोगाबाहेर पैसे घेऊन मधुमेहावर असा उपचार करण्यास परवानगी नाही, आणि खऱ्या प्रयोगात रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. जडीबुटी, अंगारा, नवस यांच्याविषयी तर काय सांगावे! टाइप वनच्या मुलाचे इन्सुलिन कोणाच्याही सांगण्यावरून बंद केले तर मूल दगावते, मग सांगणारा मांत्रिक असो, बाबा असो वा पदवीधर.

महाराष्ट्राचाही या संशोधनात वाटा आहे. आपल्याकडे सडपातळ आणि तरुण माणसालाही टाइप टू होतो, त्यामुळे कोणाला कोणता प्रकार आहे हे ओळखणे डॉक्टरांना अवघड जाते. पुण्याचे केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी ही प्रयोगशाळा आणि इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठ यांनी मिळून युरोपीय लोकांवरून बसविलेली जनुकीय गुणांची पद्धत भारतीय रुग्णांना लागू पडते का, हे तपासले. पद्धत उपयोगी ठरली, पण जनुकांत काही फरकही आढळले. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णांनी त्यासाठी रक्त दिले, त्यांची नावे कोठेही छापलेली नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तरुण वयातील मधुमेहाची नोंदवही २००६ मध्ये सुरू केली आणि जून २०२२ मध्ये टाइप वनसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली.

आता कुटुंबाकडे वळू. तीस किलो वजनाच्या मुलाला दिवसाला साधारण चोवीस युनिट इन्सुलिन लागते असे धरा. महिन्याला ७२० युनिट झाले. आपल्याकडच्या नेहमीच्या बाटलीत ४०० युनिट असतात, म्हणजे महिन्याला जवळजवळ दोन बाटल्या. रोज चार इंजेक्शने धरली तर वर्षाला १,४६० टोचण्या. रोज चार वेळा साखर तपासायची तर महिन्याला १२० पट्ट्या. यात सुया, तीन महिन्यांची रक्ततपासणी, तालुक्याहून जिल्ह्याला जाण्याचे एसटीचे भाडे आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी धरलेली नाही. इन्सुलिन सरकारी रुग्णालयात मिळाले तरी पट्ट्यांचा खर्च बहुधा घरावरच येतो. म्हणून पट्ट्या आधी बंद होतात, मग अंदाजाने इंजेक्शन, मग एके दिवशी मूल वर्गात घामाघूम होऊन कोसळते.

वर्गशिक्षकाला हे ठाऊक हवे की घाम, थरथर, एकाएकी चिडचिड किंवा गुंगी म्हणजे साखर खाली गेली असावी. मूल शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, लागल्यास पुन्हा द्यावी, आणि नंतर काही खायला द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, लगेच दवाखाना गाठावा. सीबीएसई मंडळाने २०१७ पासून टाइप वनच्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या खोलीत साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी वगैरे नेण्यास परवानगी दिली. पालकांनी मुलाच्या शाळेत अशी सवलत डॉक्टरांच्या पत्रासह, परीक्षेच्या पुष्कळ आधी आणि लेखी मागावी. तोंडी मागितलेले परीक्षेच्या दिवशी कोणाला आठवत नाही.

घरी फ्रिज नाही म्हणून इन्सुलिन घेणे सोडू नये. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडके, आत प्लास्टिकच्या डबीत बाटली, वर ओले फडके. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती चांगली चालते. कोकणातल्या दमट हवेत तितकी नाही. फ्रिज असेल तर बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते. त्याहून मोठा धोका सिरिंजचा. आपल्याकडे ४० युनिटचे आणि १०० युनिटचे अशी दोन प्रकारची इन्सुलिने मिळतात. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. अदलाबदल झाली तर औषध एकदम अडीचपट जाते किंवा अडीचपटीने कमी पडते. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत भरले तर वीसऐवजी पन्नास युनिट जातात. मुलासाठी हे प्राणघातक आहे. दुकानदाराने दुसरी दिली तर परत करावी.

आणि मुलीचा प्रश्न. मुलाला हा आजार झाला तर घर कर्ज काढते. मुलीला झाला तर घर गप्प बसते, असे अनेक ठिकाणी दिसते. स्थळ येईपर्यंत शेजारणीलाही कळू द्यायचे नाही, लग्नानंतर नवऱ्यालाही नाही, मग सासरी चोरून टोचणी, चुकलेली टोचणी आणि पहिल्या बाळंतपणात जिवावर बेतणे. साखर गर्भधारणेच्या आधीपासून ताब्यात असेल तर टाइप वनची स्त्री सुदृढ बाळाला जन्म देऊ शकते. पण त्यासाठी घरातल्यांना आजार ठाऊक असला पाहिजे. लपविलेला मधुमेह सांभाळता येत नाही. संस्थेच्या वधू-वर मेळाव्यांत हा विषय ज्येष्ठ भगिनींनी स्वतः पुढे येऊन काढावा, अशी आमची विनंती आहे. पुरुषांनी भाषण करून हे होणार नाही.

मदतीच्या कामाचे नमुने आपल्याच राज्यात आहेत. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली ड्रीम ट्रस्ट स्थापन करून गरीब घरच्या टाइप वन मुलांना इन्सुलिन व तपासणीचे साहित्य पुरविण्याचे काम सुरू केले. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. अर्चना सारडा यांनी 'उडान'च्या द्वारे हेच काम हाती घेतले. केरळ सरकारने 'मिट्टायी' नावाची योजना २०१८ पासून राबविली. सरकारने हे करावे ही मागणी आपण सोडू नये. पण मूल मागणी मान्य होईपर्यंत थांबत नाही.

तेव्हा वर्गणी कोठे द्यावी? आमचे स्पष्ट मत असे की आपल्या आकाराच्या संस्थेने पैसा कुटुंबाला द्यावा आणि संशोधनाला माणसे द्यावीत. वर्षातून एकदा व्यासपीठावर ग्लुकोमीटर वाटून छायाचित्र काढणे सोपे आहे. यंत्र एकदाच लागते, पट्ट्या रोज लागतात. दहा घरांना यंत्र देण्यापेक्षा एका मुलाच्या पट्ट्या त्याचे शिक्षण संपेपर्यंत पुरविण्याचा ठराव करावा, आणि त्या मुलाचे नाव सभासदांच्या यादीतही छापू नये. दोन-तीन तरुणांनी इंजेक्शन भरणे, साखर मोजणे आणि सलाईन कधी लागते हे ओळखणे डॉक्टरांकडून शिकून घ्यावे, म्हणजे आई आजारी पडली तर मुलाची टोचणी चुकणार नाही. मुलाला ताप आला, ते जेवत नसले, तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नसते, हे रात्री अकरा वाजता सांगणारे कोणी शेजारी हवे.

संशोधनाला माणसे द्यावीत, याचाही अर्थ नीट समजून घ्यावा. रुग्णालयाने अभ्यासासाठी मुलाचे रक्त किंवा माहिती मागितली तर नाही म्हणण्याची घाई करू नये. आपली माणसे अभ्यासात नसतील तर औषधे दुसऱ्यांच्या मापाने बेतली जातील. परंतु सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. नैतिकता समितीची मान्यता आहे काय? कागद मराठीत वाचून दाखवाल काय? मधेच बाहेर पडलो तर नेहमीचा उपचार चालू राहील काय? आणि नमुन्याचे पुढे काय होणार? कळत्या मुलालाही विचारावे, कारण सुई त्याच्या अंगात जाणार आहे. वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी अशा वेळी त्या आईबापांबरोबर जावे.

राहिला फलक. तो छापायला फार खर्च नाही. समाजमंदिर, अंगणवाडी, शाळा, रेशन दुकान आणि गावातील खाजगी डॉक्टरचे प्रतीक्षागृह, एवढ्या ठिकाणी तो लागावा. मजकूर असा असावा : 'मूल खूप पाणी पिते? वारंवार लघवीला जाते? मोठे झाल्यावर पुन्हा अंथरूण ओले करते? जेवूनही वाळत चालले आहे? आजच त्याच्या बोटातील रक्ताची साखर तपासून घ्या. उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल तर उद्यावर ढकलू नका, आत्ताच मोठ्या रुग्णालयात न्या.' खाली जवळच्या सरकारी रुग्णालयाचा पत्ता आणि एसटीची वेळ लिहावी. तपासणीला एक थेंब रक्त आणि एक मिनिटही पुरते.